तिसऱ्या सत्रातला मासा

२१ फेब्रुवारी, शनिवार

डॉक्टरणीने सांगितलंय, रोज सकाळी रक्तदाब मोजायचा, वहीत लिहायचा, आणि खाली दिवसभरात काय झालं तेही टिपून ठेवायचं. "कशाने चढतो ते कळेल," म्हणाली. कशाने चढतो ते मी आत्ता सांगतो. मेहुण्याने. पण बाई शिकलेली आहे, म्हटलं लिहू.

आज १४८/९०.

दुपारी तळ्यावर गेलो. बर्फाला भोक पाडून बसलो आणि तासाभरात पाईक जातीचा मासा लागला. चांगला माझ्या हाताएवढा, खांद्यापासून बोटांपर्यंत. उद्या पाईकचा हंगाम बंद होतो, मग मे महिन्यापर्यंत गळाला लागला तरी सोडून द्यायचा. म्हणजे यंदाचा हा शेवटचा. अगदी वेळेवर आला.

घरी आणला तर फ्रीझरमध्ये जागा नाही. उघडून बघतो तर वाटाणे. पाकिटांवर पाकिटं. आमच्या घरात वाटाणे कोण खातं? मार्लिसला विचारलं तर म्हणाली, "स्वस्त मिळाले." लग्नाला एवढी वर्षं झाली, या बाईने स्वस्त म्हणून कधी काही घेतलेलं मला आठवत नाही. मी अर्धी पाकिटं काढून ड्वेनच्या कुत्र्यांना घातली. ड्वेन म्हणजे तिचा भाऊ. कुत्र्यांनी वास घेऊन तोंड फिरवलं.

तरी मासा सरळ मावेना. मधोमध वाकवून बसवला. आता तो तसाच कोयत्यासारखा वाकडा गोठणार. बर्फावर फेकायला काही अडत नाही.

२२ फेब्रुवारी, रविवार

१४५/८८. कायसा जेवायला आली. आमची धाकटी. इथल्याच, बर्च फॉल्सच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे आणि मुलींच्या आइस हॉकी संघाची गोलकीपर आहे. माझी मुलगी आहे म्हणून सांगत नाही, पण तिच्यासारखी गोलकीपर या भागात झालेली नाही. असं सगळे म्हणतात.

जेवण झाल्यावर फ्रीझर उघडून ओरडली, "आई, वाटाणे कुठे गेले? आणि हा कोण झोपलाय इथे?"

"पाहुणे आहेत तुझ्या बाबाचे," मार्लिस म्हणाली. "वाटाणे त्यांनी हाकलले."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग कायसाने उरलेलं एक पाकीट घेतलं आणि वर खोलीत गेली. आता वाटाणे घेऊन खोलीत कोण जातं? कॉलेजातली नवी थेरं असतील. आणि जिना कशी चढली, तर कठडा धरून, एकेक पायरी, म्हातारीसारखी. तिच्या वयात मी तीन मजले धावत चढायचो. दिवसभर फोनमध्ये डोकं घातल्यावर दुसरं काय होणार.

८ मार्च, रविवार

१५२/९४. (ड्वेनची कॉफी. चमचा उभा राहील इतकी दाट करतो.)

आज राष्ट्रीय स्पर्धेतले संघ टीव्हीवर जाहीर झाले. अख्ख्या देशातून आठ कॉलेजं. सगळं गाव अग्निशमन दलाच्या सभागृहात जमलं होतं. सात नावं झाली, आपलं नाही. माझ्या शेजारी ऑरव्हिल, आमच्या हॉकी रिंकच्या दारावरचा म्हातारा, डोळे मिटून पुटपुटत होता. आठवं नाव बर्च फॉल्स. बाया-बाप्ये सगळे बाकांवर चढले. मुली एकमेकींच्या गळ्यात पडून उड्या मारायला लागल्या. कायसा खुर्चीतूनच टाळ्या वाजवत होती. समजूतदार आहे, तिला दंगा आवडत नाही.

एवढ्यात ड्वेन बाकावरून ओरडला, "दाजी, मासा तयार आहे ना?"

आणि सगळं सभागृह माझ्याकडे वळून टाळ्या पिटायला लागलं. उगाच खोटं कशाला लिहू, बरं वाटलं. घरच्या रिंकवर आपला पहिला गोल झाला की बर्फावर पाईक फेकायचा, ही आमच्या गावाची रीत. आधी माझे वडील फेकायचे, आता मी. कोटाच्या आत वर्तमानपत्रात गुंडाळून नेतो, ऑरव्हिल दारावर मुद्दाम पाठ करून उभा राहतो. मासा बर्फावरून घसरत पार दुसऱ्या टोकाच्या गोलकीपरच्या पायाशी जातो आणि ती पोरगी किंचाळते. पुढे तिचं लक्ष लागत नाही. निम्म्या मॅच आम्ही तिथेच जिंकलेल्या आहेत.

१० मार्च, मंगळवार

१६१/९८. कारण खाली आहे.

संध्याकाळी प्रशिक्षक ट्रुडी ओस्टबी घरी आली. केक घेऊन आली तेव्हाच मला शंका आली.

"आइनार," म्हणाली, "तुमच्या माशाबद्दल बोलायचं होतं."

"गोठलाय मस्त. काळजी करू नका."

"राष्ट्रीय स्पर्धेत प्रेक्षकांनी बर्फावर काही फेकलं तर त्यांच्या संघाला शिक्षा होते. दोन मिनिटं आपली एक मुलगी बाहेर. त्या पाच, आपण चार."

"माहीत आहे."

"आणि तेव्हा सगळा मारा कोणावर होणार? कायसावर."

"माहीत आहे म्हटलं ना."

मला माहीत नव्हतं. मार्लिसने केक कापला. ट्रुडीने माझ्याकडून वचन घेतलं की मासा आत येणार नाही. मी दिलं. माझ्या पोरीला त्रास होईल असं मी कसं करीन? पण नाही म्हटलं तरी मनाला लागलं. एवढी वर्षं घसा कोरडा करून, कोट नासवून मासे फेकले, आणि आता केक देऊन बोळवण.

१४ मार्च, शनिवार

मोजला नाही, पहाटेच निघालो. पहिली मॅच परक्यांच्या गावात, दक्षिणेला, सहा तासांच्या वाटेवर. हरलो की घरी.

मासा सोबत नेला होता. आत न्यायला नाही. व्हॅनमध्ये पेटीत, बर्फात. वचन आत नेण्याबद्दल होतं, व्हॅनबद्दल कोणी काही बोललेलं नव्हतं.

तिसरं, म्हणजे शेवटचं सत्र सुरू होताना मी नेहमीप्रमाणे बाहेर गेलो. घरी असतो तेव्हा फेकलेला मासा ऑरव्हिलकडून परत घ्यायचा असतो, त्यात तिसरं सत्र जातं. इथे पेटीतला बर्फ बघायला हवा होता. बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती, पण खात्री केलेली बरी.

आत काय चाललंय ते बाहेरूनही कळतं, कान हवेत. लोक "ओऽऽ" करतात, मग क्षणभर काही नाही, मग टाळ्या. म्हणजे कायसाने गोलवर आलेली रबरी चकती अडवली. "ओऽऽ" नंतर भोंगा वाजला तर नाही अडवली. आज अकरा वेळा "ओऽऽ" झालं आणि भोंगा वाजला नाही. मी पेटीवर बसून मोजत होतो.

जिंकलो, २–१. मासा न फेकता जिंकलो. आनंद झाला. खरंच झाला. परतीच्या वाटेवर ड्वेन सारखा म्हणत होता, "दाजी, बघा, माशाशिवायही जमतं." मी गाडी चालवत होतो म्हणून वाचला.

१६ मार्च, सोमवार

१५०/९०. दोन दिवस विचार केला आणि आता लक्षात आलं. मासा होता की. रिंकच्या भिंतीपासून दगड मारला तर लागेल इतक्या अंतरावर होता. म्हणजे फेकायलाच हवा असं नाही, जवळ असला की पुरे. मार्लिसला सांगितलं.

ती म्हणाली, "आणि तू?"

"मी काय?"

"तू जवळ असलास तर?"

तिला पेटीचं कळलंच नाही. बर्फ बदलला नाही तर मासा सडणार. मी समजावून सांगितलं. ती मान हलवत भांडी घासायला लागली.

१९ मार्च, गुरुवार

१५५/९२. डुलुथला पोचलो. शेवटचे चार संघ, उद्या उपांत्य फेरी, रविवारी अंतिम. संघ आणि आई-बाप एकाच हॉटेलात, मुली खालच्या मजल्यावर, आम्ही वर. मासा आमच्या न्हाणीघरात, टबात. व्हॅनमध्ये ठेवायला हवा होता, पण इथे ऊन पडलंय आणि हॉटेलच्या आवारात मांजर हिंडताना दिसलं.

प्रत्येक मजल्याच्या बोळात बर्फाचं यंत्र आहे. बादली लावली की खडखडत भरते. फुकट. टब भरायला आमच्या मजल्याचं यंत्र पुरलं नाही, म्हणून वरच्या मजल्याचं रिकामं केलं.

मार्लिस म्हणाली, "मी आंघोळ कुठे करू?"

"दोन दिवस थांब की."

"लग्न करताना आई म्हणाली होती, लाहती घराण्यातले लोक विचित्र असतात. मला वाटलं, तिला त्यांची ती वाफेची सौना आवडत नाही म्हणून म्हणते."

ती ड्वेनच्या खोलीत आंघोळीला जाते आता. माहेरी गेल्यासारखी टॉवेल खांद्यावर टाकून.

२० मार्च, शुक्रवार

जिंकलो, ३–२. आम्ही अंतिम फेरीत. गावातल्या कोणी कधी स्वप्नातही पाहिलं नव्हतं. ड्वेन रडला. ट्रुडी रडली. ऑरव्हिल आयुष्यात प्रथमच प्रेक्षक म्हणून तिकीट काढून आलाय, तो तर बसल्या जागी हमसून हमसून रडला.

मी तिसऱ्या सत्रात हॉटेलवर होतो. रस्त्यापलीकडेच आहे. टबातला बर्फ वितळायला आला होता, भर घालायलाच हवी होती. यावेळी ऐकूही येत नव्हतं, म्हणून खिडकी उघडी टाकून उभा होतो. शेवटी लोक नाचत बाहेर पडताना दिसले आणि त्यांचे पोशाख हिरवे आहेत असं दिसलं. आमचा रंग हिरवा. मी टबाच्या कडेवर बसलो. हातातली बादली खाली ठेवली. जिन्यांवरून बादल्या वाहण्याचं वय राहिलं नाही आता.

२१ मार्च, शनिवार

सकाळी १५८/९४. बाकीचं रात्री लिहितोय.

दुपारी आमच्या मजल्याचं यंत्र आटलं. वरचंही आटलं. म्हणून बादली घेऊन खाली मुलींच्या मजल्यावर गेलो. बादली भरली आणि यंत्राने घरघर करून मान टाकली. एवढ्यात बोळातून कायसा आली, हातात प्लॅस्टिकची पिशवी. एका पायाने लंगडत.

"बर्फ संपला?" तिने विचारलं.

"संपला वाटतं."

"कालपासून सगळीकडचा संपतोय. आमच्या डॉक्टर वैतागल्यात. कोण नेतंय काय माहीत."

मग तिची नजर माझ्या बादलीवर गेली. मी बादली उचलून जिन्याकडे वळलो. ती माझ्यामागून वर आली, आमच्या न्हाणीघरात शिरली आणि टबाकडे बघत उभी राहिली. वाकडा पाईक बर्फात आडवा, राजासारखा.

"बाबा," ती म्हणाली, "अख्ख्या हॉटेलचा बर्फ याच्या अंगावर आहे?"

"तुझ्या पायाला काय झालं?"

तिने पायजमा वर सरकवला. गुडघा नव्हता तो, कोबीचा गड्डा होता. माझ्या हातातून बादली सुटली.

"कधीपासून?"

"जानेवारी. आत काहीतरी फाटलंय. डॉक्टरांनी खेळायची परवानगी दिलीय, पट्टा बांधून. स्पर्धा झाली की ऑपरेशन."

"आईला माहीत आहे?"

"वाटाणे कोणासाठी होते, बाबा?"

मी कमोडवर बसलो. दुसरं बसायला काही नव्हतं. "ट्रुडीला?"

"सगळ्यांना माहीत आहे. ड्वेनमामाला. ऑरव्हिलला."

"ऑरव्हिलला सांगितलंस आणि मला नाही?"

"ऑरव्हिलचा रक्तदाब ठीक आहे."

राग आला, तो कोणावर काढायचा ते कळेना. तिला टबाच्या कडेवर बसवलं. मुठीने बर्फ पिशवीत भरायला लागलो, पण तो निम्मा पाणी झालेला, ठरेना. मग मासाच उचलला. तो आतून अजून दगडासारखा होता. हॉटेलच्या टॉवेलात गुंडाळला आणि तिच्या गुडघ्यावर ठेवला. फ्रीझरमध्ये वाकला होता तो बाक गुडघ्यावर असा बसला, की माप घेऊन केल्यासारखा. शेपूट मांडीवर, डोकं पोटरीवर.

कायसाने डोळे मिटले. "आई गं," म्हणाली, "वाटाण्यांपेक्षा कितीतरी बरा आहे हा."

आम्ही तसेच बसलो. मी मासा धरून, ती भिंतीला टेकून. मग डोळे न उघडताच म्हणाली, "तुला एक विचारू? चार वर्षांत माझं एकही तिसरं सत्र तू पाहिलं नाहीस."

"माशाचं बघायला लागतं ना."

"मला गोलमधून तुझी खुर्ची दिसते. दर वेळी दिसते. तिसऱ्या सत्रात आईच्या शेजारी फक्त तुझा कोट असतो."

"कोट ठेवतो कारण जागा कोणी घेऊ नये—"

"बाबा."

"काय?"

"उद्या शेवटची मॅच आहे माझी. यानंतर मी खेळणार नाही, गुडघा खेळू देणार नाही. मासा मी नेते. रात्रभर लागेल मला, सकाळपर्यंत पार नरम होईल. मग तुला बघायला काही उरणार नाही. मग बसशील?"

मी बसेन म्हटलं. ट्रुडीला वचन दिलं तेव्हा मनात व्हॅनची पळवाट होती. आज कुठलीच सापडली नाही.

ती टॉवेलातला पाईक काखोटीला मारून लंगडत गेली. मार्लिस आली तेव्हा टब रिकामा होता.

"पाहुणे गेले?" तिने विचारलं.

"वाटाण्यांबद्दल मला सांगायला हवं होतंस," मी म्हटलं.

"सांगितलं असतं तर तू पहिल्या सत्रातही बाहेर गेला असतास."

२२ मार्च, रविवार

रक्तदाब मोजला नाही. मोजला असता तर यंत्र फुटलं असतं.

पहिलं सत्र ०–०. दुसऱ्यात आम्ही गोल केला आणि बर्च फॉल्सचे झाडून सगळे लोक माझ्याकडे वळले. सवयीने. मी दोन्ही हात वर करून दाखवले, रिकामे. ड्वेनने तर माझा कोट चाचपून पाहिला. एखाद्याच्या मयतीला करतात तसा चेहरा करून तो खाली बसला.

तिसरं सत्र सुरू झालं तसा मी उठलो. पायच उठले, मी नाही. मार्लिसने कोटाचं टोक धरलं. सोडलंच नाही. समोर कायसा वर बघत होती. जाळीच्या मुखवट्यातून डोळे दिसत नाहीत, पण बघत होती. मी बसलो.

आता हे लिहूनच टाकतो, डॉक्टरणीने वाचलं तरी चालेल. मला भीती वाटते. लोक "ओऽऽ" करतात आणि टाळ्या वाजतात, त्यांच्या मधल्या त्या क्षणात काय होतं ते मी कधी पाहिलंच नव्हतं. बाहेर पेटीवर बसून तो क्षण छोटा वाटतो. आत तो संपता संपत नाही. दगडासारखी चकती माझ्या पोरीच्या तोंडावर येते आणि ती बाजूला होण्याऐवजी पुढे सरकते. दुखऱ्या गुडघ्यावर बसते, उठते, परत बसते. असं चार वर्षं चालू होतं आणि मी ऑरव्हिलशी हवापाण्याच्या गप्पा मारत होतो.

त्यांनी बरोबरी केली, १–१. त्या गोलात तिचा काही दोष नव्हता, चकती आमच्याच पोरीच्या पायाला लागून वळली. मग जादा वेळ, जो आधी गोल करील तो जिंकला. मार्लिसने डोळे मिटून घेतले. मी नाही मिटले. ड्वेनसुद्धा गप्प होता, यावरून काय ते समजावं.

आणि गेला. खालून, डाव्या बाजूने. संपलं.

समोरच्या मुली एकमेकींच्या अंगावर कोसळत होत्या. आमच्या मुली बर्फावर जिथे होत्या तिथे गुडघे टेकून राहिल्या. कायसा गोलपाशी उताणी पडून छताकडे बघत होती. आम्ही हरल्यावर दुसऱ्या कोणाला जिंकावं लागतं हे मला कळतं, पण त्यांनी एवढं ओरडायची गरज नव्हती.

लोक गेले. मी जागचा हललो नाही. मार्लिस म्हणाली, "चल," मी म्हटलं, "ती येऊ दे." बऱ्याच वेळाने कायसा आली, ओले केस, सुजलेले डोळे, आणि अंगाला पाईकचा असा वास की ऑरव्हिलने नाक दाबलं. मला बघून थांबली.

"पाहिलंस?"

"पाहिलं."

"सगळं?"

"सगळं."

ती वाट बघत होती. काहीतरी बापासारखं बोलावं, "छान खेळलीस", "नशीब नव्हतं" असलं. माझ्या तोंडून निघालं, "दुसरा गोल तुझ्यामुळे झाला. ती मारायच्या आधीच तू खाली बसलीस."

मार्लिसने कपाळाला हात लावला. ड्वेन म्हणाला, "दाजी, काय हे."

पण कायसा हसायला लागली. आधी नाकातून, मग अशी जोरात की भिंतीला धरून उभं राहावं लागलं. हसता हसता रडत होती, आणि परत हसत होती.

"चार वर्षांत पहिल्यांदा," म्हणाली, "पहिल्यांदा माझी चूक काढलीस."

"पुढच्या वेळी उभी राहा थोडी," मी म्हटलं. पुढची वेळ नाही हे तेव्हा लक्षात आलं. तिने डोकं माझ्या कोटावर टेकलं. तो कोट आता धुवूनही उपयोग नाही.

२८ मार्च, शनिवार

१३४/८२. डॉक्टरणीने विचारलं, काय बदललं? वही वाचायला दिली नाही. म्हटलं, वाटाणे खातोय.

गुरुवारी कायसाचं ऑपरेशन झालं. महिनाभर आमच्याकडेच आहे. गुडघ्यावर दिवसातून बऱ्याचदा गार काहीतरी ठेवायचं आहे. पाईक बिचारा डुलुथलाच संपला, तिथल्या तळ्यात सोडला. मार्लिसने नव्याने वाटाणे आणले, फ्रीझर भरला.

आज सकाळी वाटाणे घेऊन खोलीत गेलो तर कायसा म्हणाली, "हे नको. मासा आण."

"हंगाम बंद आहे. पाईक मे महिन्याशिवाय नाही."

"मग तुझं तू बघ."

पर्च माशाला हंगाम नसतो. दुपारी तळ्यावर गेलो. कडेचा बर्फ मऊ व्हायला लागलाय, ड्वेन काठावरून ओरडत होता की दाजी, बुडाल तर ताई मला धरील. तीन पर्च लागले, प्रत्येकी तळहाताएवढे. घरी आणून गुडघ्याच्या मापाचं एक पातेलं उपडं घातलं आणि त्याच्यावर तिघांना ओळीने ठेवून फ्रीझरमध्ये सरकवलं, म्हणजे बाक बरोबर येईल. वाटाणे पुन्हा बाहेर काढावे लागले. मार्लिसने पाहिलं आणि पातेलं थोडं आत सरकवलं.